आजोबांच्या ट्रंकेतली सिगरेट कार्डं: वय कसं ओळखायचं, किंमत किती धरायची

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत विल्स आणि प्लेअर्स या ब्रिटिश सिगरेट कंपन्यांची, पूर्वी सिगरेटच्या पाकिटात मिळायची ती चित्रांची कार्डं आहेत, काही सुटी आणि काही अल्बममध्ये चिकटवलेली. आधी एक सांगतो: चिकटवलेलं कार्ड उचकटू नका आणि पाण्यातही भिजवू नका. पाठीचा थर निघाला की कार्ड गेलंच म्हणून समजा. त्या अल्बममध्ये बहुधा कार्डाच्या चौकटीजवळ पाठीवरचाच मजकूर छापलेला असतो, तो वाचा.

सुट्या कार्डांचं वय पाठीवरूनच कळतं. ‘इम्पिरिअल टोबॅको कंपनीची शाखा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर कार्ड 1901 नंतरचं, कारण विल्स, प्लेअर्स वगैरे त्या वर्षी एकत्र आले. पाठीला तयार गोंद आणि ‘1 पेनीचा अल्बम घ्या’ अशी सूचना असेल, तर 1930 चं दशक. 1940 मध्ये कागदटंचाईमुळे ब्रिटनमध्ये ही कार्डं थांबली.

मग मोजा. नेहमीचं कार्ड साधारण 36 बाय 67 मिलिमीटर. मिलिमीटरभर कमी भरलं आणि कोपरे संशयास्पद टोकदार असले, तर झिजलेल्या कडा कुणीतरी कापल्यात. पुनर्मुद्रणं बाजारात भरपूर आहेत. त्यांच्या पाठीवर बऱ्याचदा तसं छापलेलं असतं, पण दरवेळी नाही. अंधारात अतिनील टॉर्च मारा: कागद निळसर-पांढरा चमकला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, कारण चमक आणणारी रसायनं कागदात तेव्हापासून आली. न चमकणं हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

किमतीबद्दल फार आशा धरू नका. 1930 च्या दशकातले संच लाखोंनी छापले गेले. 50 कार्डांचा पूर्ण संचही ब्रिटनमध्ये बहुतेकदा दोन आकडी पौंडांत मिळतो, अल्बममध्ये चिकटवलेला त्याहून स्वस्त. महाग असतात ती बाजारात न आलेली किंवा मागे घेतलेली. विल्सने वॉटर्लूच्या शताब्दीसाठी, 1915 साठी, संच तयार केला होता. पण तोवर फ्रान्स दोस्त झाला होता, त्याच्या पराभवाची चित्रं वाटणार कशी? तो बाहेर आलाच नाही. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याच्यावरचा संच 1936 मध्ये त्याने गादी सोडल्यामुळे अडला.

मला मात्र स्वस्तातली कार्डंच जास्त बोलकी वाटतात. विल्सचा 1938 चा हवाई हल्ल्यापासून बचावाचा संच घ्या: आसऱ्याची खोली कशी निवडावी, खिडकी वायूरोधक कशी करावी, मुखवटा कसा बसवावा. विषारी वायूची धास्ती त्यात ठासून भरलीये, आणि प्रत्यक्षात ब्रिटनवर वायूहल्ला झालाच नाही. पुढे काय घडलं ते ठाऊक नसताना लोक कशाला भीत होते, हे असं क्वचितच सापडतं. तुमच्याकडे हा संच असेल तर फोडून विकू नका.

जपायला पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे कप्पे वापरा. पीव्हीसीचे नकोत, ते काळानुसार चिकट होऊन छपाई ओढून घेतात. मुंबई-कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा. रबरबँड तर अजिबात लावू नका, कडांना कायमच्या खाचा पडतात.