वाचकांचे प्रश्न : आंद्रेत्ती आणि ‘भाराभर चिंध्या’

प्रश्न : अमेरिकन मोटारशर्यतपटू मारिओ आंद्रेत्तीला सगळे ‘अष्टपैलू’ म्हणून डोक्यावर घेतात. मला तर तो ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ या जातीचा वाटतो. फॉर्म्युला वनचं विजेतेपद एकच, अमेरिकेतली इंडियानापोलिस 500 शर्यत सुद्धा एकदाच. मग थोर कसा?

उत्तर : चिंध्या म्हणताय, तर आधी त्या उलगडून बघू. 1967 ची डेटोना 500, म्हणजे स्टॉक कारची (साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची) शर्यत. 1969 ची इंडियानापोलिस 500. 1978 चं फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद. या तिन्ही गोष्टी ज्याच्या नावावर आहेत असा दुसरा चालक अजून झालेला नाही. शिवाय सेब्रिंगची बारा तासांची शर्यत तीनदा, अमेरिकेतलं इंडीकार विजेतेपद चारदा आणि 1969 मध्येच पाइक्स पीकची डोंगरचढाई. असल्या चिंध्या कुणाला नको असतील?

तरी ट्रॉफ्या मोजून मी त्याला मोठा म्हणत नाही. एका ट्रॅकवर शिकलेलं दुसऱ्या ट्रॅकवर वापरायची जी अक्कल त्याच्याकडे होती, ती मला मोठी वाटते.

प्रश्न : ओव्हलवर, म्हणजे अमेरिकेतल्या अंडाकृती ट्रॅकवर, आयुष्यभर डावीकडेच वळायचं. ते शिक्षण फॉर्म्युला वनमध्ये काय कामाचं?

उत्तर : बरंच कामाचं, आणि तेही अनपेक्षित जागी. आंद्रेत्तीचा जन्म 1940 चा, इस्त्रियातल्या मोंतोना गावचा. युद्धानंतर तो भाग युगोस्लाव्हियाकडे गेला, कुटुंब इटलीत लुक्काच्या निर्वासित छावणीत राहिलं आणि 1955 मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला पोचलं. तिथल्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 1959 मध्ये मारिओ आणि त्याचा जुळा भाऊ आल्डो एक जुनी हडसन गाडी आलटून पालटून पळवू लागले.

ओव्हलवाल्यांची एक जुनी युक्ती आहे, ‘स्टॅगर’. मागच्या दोन टायरांपैकी वळणाच्या बाहेरच्या अंगाचा टायर घेराने किंचित मोठा घ्यायचा. दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरत असली की निमुळता पेला आडवा ढकलल्यावर जसा आपसूक गोल फिरतो, तशी गाडी स्वतःहून आत वळायला बघते. टायर एकाच मापाचे म्हणून आले तरी घेरात बारीकसा फरक असतोच. लोटस या फॉर्म्युला वन संघात आंद्रेत्ती तो फरक मोजून टायरांच्या जोड्या लावायचा. चार चाकांवरचा तिरका, म्हणजे कर्णरेषेतल्या चाकांवरचा, भार स्प्रिंगांनी कमीजास्त करणं हीही त्याने ओव्हलवरूनच आणलेली विद्या. युरोपातल्या सर्किटांवर वळणं दोन्ही बाजूंना, त्यामुळे हे सगळं जपून करावं लागे. पण लॅपची वेळ ठरवणारी मोठी वळणं एकाच बाजूची असली की फायदा व्हायचा. ड्रायव्हिंग सुंदर करणारे पुष्कळ झाले. टेपने टायर मोजणाऱ्या चालकांवर माझा जास्त जीव!

प्रश्न : पण 1978 मध्ये लोटसमधल्या त्याच्या जोडीदाराला, रॉनी पीटरसनला, मागे राहायला सांगितलं होतं. म्हणजे विजेतेपद बहालच केलं ना?

उत्तर : पीटरसन करारानेच दुय्यम चालक होता आणि त्याने तो करार पाळला, हे खरं. मात्र आंद्रेत्ती लोटसमध्ये परतला तो 1976 साली, संघाची दशा वाईट असताना. त्या वर्षअखेरीला पावसात जपानमधली फुजीची शर्यत त्याने जिंकली आणि पुढच्या दोन मोसमांत लोटस 78 व लोटस 79 या गाड्या चाचण्या घेऊन घेऊन तयार केल्या. पीटरसन आला तो तयार पानावर. 1978 मध्ये आंद्रेत्तीचे विजय सहा, पीटरसनचे दोन. विजेतेपद इटलीतल्या मोंझाला पक्कं झालं. त्याच शर्यतीतल्या अपघातानंतर दुसऱ्या दिवशी पीटरसन गेला. त्या विजेतेपदाचा आनंद आंद्रेत्तीला धड साजराही करता आला नाही.

प्रश्न : इतक्या ठिकाणी पळून त्याचं नुकसान झालं नाही का?

उत्तर : झालं की. 1968 मध्ये मोंझाला पहिल्या ग्रां प्रीसाठी (फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी) सराव केला, मध्येच विमानाने अमेरिकेत जाऊन मातीवरची हूझियर हंड्रेड धावला आणि मोंझाला परत आला. शर्यतीआधीच्या चोवीस तासांत दुसरीकडे धावायचं नाही हा नियम दाखवून आयोजकांनी त्याला उतरूच दिलं नाही. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला, पहिल्याच ग्रां प्रीत, त्याने पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटण्याची जागा, घेतली.

1978 मध्ये झोल्डरला तो बेल्जियन ग्रां प्री जिंकत होता आणि इंडियानापोलिसला त्याची गाडी दुसऱ्याच चालकाने पात्र करून ठेवली. चालक बदलल्यामुळे आंद्रेत्तीला तिथे सगळ्यांच्या मागून सुटावं लागलं. इंडियानापोलिस दुसऱ्यांदा न मिळण्याचा दोष मात्र धावपळीवर टाकता येत नाही. 1987 मध्ये 200 पैकी 170 लॅप तो पुढे होता, आणि मग गाडीनेच दगा दिला.

प्रश्न : आणि ले माँची चोवीस तासांची शर्यत?

उत्तर : 1995 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, दुसरा. सुरुवातीला गाडी आपटली ती त्याच्याच हातून, दुरुस्तीत वेळ गेला आणि पुढे उरलेला सगळा पाठलाग थोडक्यात अपुरा पडला. 2000 मध्ये, साठाव्या वर्षी, पुन्हा उतरला. ती शर्यत त्याला मिळाली नाही.