पाठीतला रॉड बनवायचा, तर शिकायचं काय?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. नववीत तिचं स्कोलिओसिसचं, म्हणजे वाकडा कणा रॉड बसवून सरळ करायचं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून ‘मी पेशंटच्या मापाचे इम्प्लांट बनवणार’ हेच चाललंय. तिचे बाबा म्हणतात, मग नीट दे आणि डॉक्टर हो. मामा म्हणतो, कॉम्प्युटर घे. काय करू?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, मामाला थोडा वेळ बाजूला बसवू. बाबांचं चूक नाही, पण ते वेगळ्या कामाबद्दल बोलताहेत. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएस ऑर्थोची तीन, त्यावर स्पाइनची फेलोशिप. सगळं वेळेवर झालं तरी पोरगी अठ्ठाविशीत पोचते. आणि सर्जन रॉड बसवतो, घडवत नाही. तुमच्या लेकीला घडवायचाय.

आजही बहुतेक ऑपरेशनांत सरळ रॉड येतो आणि सर्जन टेबलापाशीच बेंडरने तो वाकवतात. टायटॅनियमला बेंडरचा व्रण पडला की वर्षानुवर्षं भार झेलताना तिथूनच तडा जाण्याची भीती असते. मापाचा रॉड आधीच वाकवून येतो. त्यासाठी उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो, कारण झोपलं की कण्यावरचा भार उतरतो आणि बाक कमी दिसतो. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, पिळलाही जातो. म्हणून आकडेमोड तिन्ही दिशांची. सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर एकेक मणका सुटा करून स्क्रूची दिशा दाखवणारे गाइड किंवा दोन मणक्यांच्या मध्ये बसवायचे, टायटॅनियमच्या भुकटीतून थर-थर छापलेले केज बनवणं हा याच कामाचा दुसरा भाग. मज्जारज्जू शेजारीच असतो, त्यामुळे ‘चालून जाईल’ हा शब्द इथे नाही.

आता शिक्षण. बारावीनंतर लगेच ‘बायोमेडिकल’ नाव पाहून कुठेही प्रवेश घेऊ नका. नावापेक्षा पाया महत्त्वाचा. मी असतो तर मेकॅनिकल किंवा मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, घेतली असती, त्यातही मेटलर्जी. लोक तिच्याकडे दुसरी पसंती म्हणून बघतात, कटऑफही सहसा मेकॅनिकलच्या खाली असतो, पण धातू का थकतो हे तिथेच शिकवतात. तुमच्या घरापासून फार लांब नाही, व्हीएनआयटीत दोन्ही शाखा आहेत. प्रवेश जेईई मेनवर, निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना. राज्यातल्या इतर कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी. पुढे बायोमेडिकलमध्ये एमटेक. त्याच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे गेटमध्ये, 2020पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून उपकरणं घडवतात, तिथलं काम तिला दाखवा. जीवशास्त्र मात्र बारावीपर्यंत सोडू देऊ नका. सर्जनशी बोलताना तेच कामी येतं.

नोकरीचं खरं सांगतो. नागपुरात बसून हे काम मिळेल अशी आशा धरू नका. गुजरात, पुणे, बंगळुरूकडे जावं लागेल. आपल्याकडे हे क्षेत्र अजून लहान आहे. सुरुवातीला डिझाइनपेक्षा चाचण्या आणि 2017च्या मेडिकल डिव्हाइस नियमांची कागदपत्रंच जास्त वाट्याला येतील. कंटाळवाणं आहे, पण तेच शिकून माणूस टिकतो.

आणखी एक, जरा नाजूक. स्वतःची पाठ हे सुरुवातीचं कारण चांगलं आहे, चार वर्षं अभ्यास करायला पुरणारं नाही. म्हणून आधी पारखून घ्या. ऑपरेशनच्या आधी सीटी झाला असेल तर त्याची सीडी हॉस्पिटलकडून मागून घ्या. नंतरचा नको, धातूमुळे चित्र विस्कटतं. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सुटीत तिला स्वतःचा एकेक मणका वेगळा करायला बसवा. पहिल्या मणक्याला अख्खी दुपार जाईल. पाचव्या मणक्यापर्यंत ती उठली नाही, तर जेईईचा फॉर्म भरा. दुसऱ्यालाच उठली, तर मामाला चहाला बोलवा.