वाचकांचे प्रश्न : बंदिवासातील हत्तीची निगा

प्रश्न : माझ्या नेहमी पाहण्यात असलेल्या एका हत्तिणीचा मागचा पाय साखळीने बांधलेला असतो, खाली सिमेंटची फरशी असते आणि ती तासन्‌तास एका जागी डोलत असते. ती खुशीत आहे, असे लोक म्हणतात. हे खरे आहे का? तिची निगा सुधारायची, तर सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : हे डोलणे खुशीचे लक्षण नव्हे. चालणे, चारा शोधणे, कळपात वावरणे यांपैकी काहीच वाट्याला न आलेल्या हत्तीला ही सवय जडते आणि एकदा ती अंगात मुरली की परिस्थिती सुधारल्यावरही पूर्णपणे सुटेलच, याची खात्री देता येत नाही.

सुरुवात मात्र पायांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. हत्ती जवळजवळ बोटांच्या टोकांवर उभा असतो आणि बोटांमागे असलेली चरबीची जाड गादी त्याच्या काही टन वजनाचा भार झेलते. मातीवरून रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या हत्तीचे तळवे आणि नखे आपोआप झिजतात. पण मूत्राने ओल्या झालेल्या कठीण फरशीवर दिवसभर उभ्या असलेल्या हत्तीचे तळवे वेडेवाकडे वाढतात, त्यांना भेगा पडतात, नखे चिरतात, आत पू होतो आणि हा संसर्ग थेट बोटाच्या हाडापर्यंत पोहोचतो. पायांचे विकार आणि सांधेदुखी ही बंदिवासातील हत्तींच्या मृत्यूची मोठी कारणे आहेत. म्हणून रोज चारही पाय धुऊन, तळवे उचलून पाहावेत, अडकलेले खडे काढावेत आणि वाढलेली नखे जाणकाराकडून तासून, कानशीने घासून घ्यावीत. तरीही फरशी तशीच ठेवून केवळ नखे तासत राहणे व्यर्थ आहे. हत्तिणीच्या पायांखाली माती आणि वाळू हवी. वाळूचा उतरता ढीग केला, तर सांधे धरलेली म्हातारी हत्तीणसुद्धा त्याला रेलून झोपू शकते आणि तिला उठणेही सोपे जाते. साखळीऐवजी भक्कम कुंपणाचे आवार करता आले, तर फारच उत्तम. ते होईपर्यंत निदान रोज तोच तो पाय बांधला जाऊ नये.

आहाराचेही तसेच आहे. मोकळा हत्ती दिवसातले सोळा-सोळा तास चरण्यात घालवतो आणि खाल्लेल्यातले निम्मेही त्याला पचत नाही. त्यामुळे दोन वेळा धान्य आणि गोडधोड घालण्यापेक्षा गवत व झाडपाला दिवसभर थोडाथोडा, वेगवेगळ्या ठिकाणी आणि काही उंचावर टांगून द्यावा. २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींच्या आयुष्याचा मध्यक (निम्म्या हत्तिणी ज्या वयाच्या आत मरतात, ते वय) सुमारे १७ वर्षे आढळला, तर केनियातील अंबोसेली येथे नैसर्गिक मृत्यू आलेल्या हत्तिणींचा ५६ वर्षे. स्थूलपणा आणि ताण ही त्यामागची संभाव्य कारणे अभ्यासकांनी सांगितली. एकटी ठेवलेली हत्तीण हा ताण आयुष्यभर सोसते, म्हणून तिला दुसऱ्या हत्तिणीची सोबत मिळवून देणे ही मी चैन मानत नाही.

प्रश्न : अंकुशाशिवाय हत्ती आवरता येतो का?

उत्तर : येतो. माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये मजबूत गज ठेवून काम करण्याची पद्धत अनेक प्राणिसंग्रहालयांत रुळली आहे. लांब काठीच्या टोकाला स्पर्श केला की खाऊ मिळतो, एवढेच हत्तीला आधी शिकवतात. पुढे तो आपणहून गजांच्या फटीतून पाय बाहेर ठेवतो आणि कानाच्या शिरेतून रक्त काढू देतो. मनात नसेल, तर निघून जाण्याची मुभा त्याला असते आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा गाभा हाच आहे. माजावर आलेल्या नराला तर या अंतराची फारच गरज असते. माज उतरावा म्हणून त्याला उपाशी ठेवणे ही क्रूरता आहे.

माहुताचा विचारही याच संदर्भात व्हायला हवा. पुरेसा पगार, राहण्याची सोय आणि रजा मिळाली, तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि हत्तीच्या चालीतला किंचितसा फरकही आधी त्याच्याच ध्यानात येतो. माणसाचा क्षयरोग हत्तीला आणि हत्तीचा माणसाला होतो. तेव्हा सोंड धुऊन घेतलेल्या नमुन्याची तपासणी करताना माहुताची क्षयतपासणीही नियमितपणे करून घ्यावी.