पेरणी झाली, ट्रॅक्टर उभा राहणार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी भिवापूर तालुक्यातला कास्तकार. सोयाबीन अन् पऱ्हाटी (कापूस) आहे. जुलैत पेरणी आटोपली की आमचा ट्रॅक्टर टिनाच्या शेडमध्ये उभा राहतो तो पार सोयाबीन निघेपर्यंत. मागच्या साली दसऱ्याच्या पूजेला काढायला गेलो तर बॅटरी डाऊन, दुसरी लावून चालू केला तर क्लच सुटेना, आणि फिल्टर खोलला तर त्यातून पाणी निघालं. मिस्त्रीचे दोन दिवस गेले. बाबा म्हणतात दर आठ दिवसांनी ५ मिनिटं चालू करून ठेवला असता तर हे झालंच नसतं. यंदा काय करू?

उत्तर : भाऊ, बॅटरीचं सोडलं तर तुमचे बाकी दोन्ही बिघाड पाण्याचे आहेत. थंड देशात ट्रॅक्टर उभा करताना पाणी गोठून इंजिन फुटायची भीती असते, आपल्याकडे ती नाही. आपल्याकडे पाणी हवेतून येतं, गुपचूप. नागपूर भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका तुमचा ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा.

आधी बाबांच्या सल्ल्याबद्दल, कारण गावोगावी सगळे हेच करतात आणि मला ते मनापासून थांबवावंसं वाटतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. इंजिन पूर्ण गरम असेल तर ही वाफ धुरासोबत निघून जाते, पण ५ मिनिटांत इंजिन गरम होतच नाही, मग तीच वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते, थोडी पिस्टनच्या बाजूनं खाली इंजिन ऑइलमध्येही जाते. म्हणजे दर आठ दिवसांनी आपणच आपल्या हातानं आत पाणी भरतो. चालू करायचाच तर अर्धा तास चालवा, रस्त्यानं एक चक्कर मारा, टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या. ते जमत नसेल तर तीन महिने त्याला हात लावू नका.

आता डिझेल. टाकी अर्धी ठेवली की वरच्या अर्ध्या भागात दमट हवा असते. दुपारी टिन तापतं, रात्री थंड होतं, आणि टाकीच्या आतल्या भिंतीला दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं आणि पहिल्या सेल्फला तेच आधी फिल्टरकडे येतं. डिझेल पंपाचे आतले पार्ट डिझेलनंच वंगण घेतात, तिथे पाणी पोचलं की गंज, आणि पंपाचं काम म्हणजे मोठा खर्च. म्हणून उभा करायच्या आदल्या दिवशी टाकी गळ्याच्या थोडी खालपर्यंत भरा आणि वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा) खालचा बोल्ट ढिला करून साचलेलं पाणी काढा.

इंजिन ऑइल ट्रॅक्टर उभा करण्याआधी बदला, नंतर नाही. बरेच जण म्हणतात तेल तर सीझन सुरू झाल्यावर बदलू, आता कशाला पैसे घालायचे. पण जुन्या तेलात काजळी असते, ॲसिड असतं, ते तीन महिने बेअरिंगला खात बसतं. गरम इंजिनावर तेल अन् फिल्टर दोन्ही बदला, मग थोडा वेळ चालवा म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल. एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर त्याची वाटी धुवून नवं तेल खुणेपर्यंत भरा.

हे झालं की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि मग धुवा, गरम इंजिनावर पाणी मारू नका. आपली काळी माती ओल धरून ठेवते, चाकाच्या आतल्या बाजूला अन् मडगार्डखाली जे ढेकूळ चिकटतं तिथेच पत्रा सडतो, ते खरवडून काढा. अल्टरनेटर आणि डिझेल पंपावर प्रेशरचा फवारा नको. वाळला की सगळ्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ग्रीस जिथे भरलं तिथे पाणी शिरत नाही.

क्लच. दमट हवेत क्लचची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) गंजून चिकटते, तुमचं तेच झालं. उपाय सोपा आहे, पेडल पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा अडकवायचा किंवा कंपनीचं लॉक असेल तर ते लावायचं, म्हणजे प्लेट सुटी राहते. पण नीट लक्ष द्या, क्लच दाबलेला असला की गिअर ट्रॅक्टरला धरून ठेवत नाही. जागा सपाट हवी आणि मोठ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावलेच पाहिजेत. चावी काढून घरात. शेडमध्ये पोरं खेळतात आणि सीटवर चढतात. लिफ्ट खाली, कल्टिव्हेटर जमिनीवर टेकलेला, वर टांगून ठेवायचा नाही. आणि क्लच पुन्हा चिकटलाच तर गिअरमध्ये टाकून सेल्फ मारू नका, ट्रॅक्टर एकदम उडी घेतो. मिस्त्रीला बोलवा.

सायलेन्सरच्या तोंडाला डबा किंवा मेनकापड बांधा, एअर क्लीनरच्या तोंडालाही जाळी. पावसात वावरातले उंदीर शेडकडे येतात, आमच्या ट्रॅक्टरच्या वायरिंगचा एका पावसाळ्यात त्यांनी भुगा केला होता, तेव्हापासून मी कुटार (भुसा) आणि पोती ट्रॅक्टरजवळ ठेवूच देत नाही. कुटाराचा आगीचाही धोका असतो. खताच्या बॅगाही लांब, युरिया ओल ओढतो आणि लोखंडाला गंज लवकर धरतो. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा आणि ऊन लागू देऊ नका.

जे जे बांधलं, अडकवलं ते कागदावर लिहून स्टेअरिंगला बांधा. पोळ्याला ट्रॅक्टरचीही पूजा करतात, ती जागेवरच करा, त्याच्यासाठी सगळं सोडून चालू करू नका. दसऱ्याला काढताना आधी कागद वाचून सगळं सोडा, तेल-पाणी बघा, सेपरेटर पुन्हा उघडून पाणी काढा, मग गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघून स्टॉपची नॉब ओढून ठेवत १० सेकंद सेल्फ द्या, थोडं थांबून पुन्हा एकदा. त्यानं इंजिन पेटत नाही पण ऑइल वरपर्यंत चढतं. मगच चालू करा, आणि शेडचं दार सताड उघडून, बंद शेडमधला धूर जीव घेऊ शकतो.

प्रश्न : दादा, ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात ठेवली तर चालेल का? सासरे म्हणतात फरशीवर ठेवली की उतरते. (रामटेकहून एक ताई)

उत्तर : ताई, चालेल, काढलेलीच बरी. आताच्या प्लॅस्टिकच्या बॅटऱ्या फरशीनं उतरत नाहीत, त्या नुसत्या पडून राहिल्या तरी हळूहळू उतरतात आणि गरमीत जास्त लवकर. काढताना आधी निगेटिव्ह वायर, लावताना ती शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही. महिन्यातून एकदा मीटर लावून बघा, १२.४ व्होल्टच्या खाली दिसली की चार्ज करा. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर टाका, बोअरचं अजिबात नाही. चार्ज करताना हायड्रोजन गॅस निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून सैपाकघर किंवा देवघरात चार्जर लावू नका, वरांड्यात हवेशीर ठिकाणी लावा आणि जवळ कोणाला बिडी ओढू देऊ नका. टर्मिनलला थोडं ग्रीस फासून ठेवा, आणि लहान पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा, आत ॲसिड असतं.