‘माय लव्हर’ म्हणणारे आजोबा

पत्र:

ताई, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. लग्नानंतर इंग्लंडात स्विंडनला आले. नवरा इथे आधीपासून आहे. मी म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये काम करते. बी.कॉम. इंग्रजीतून केलं, तरी इथे येऊन मुकी झालेय. सहकारी बाईने ‘यू ऑलराइट?’ विचारलं म्हणून मी पाठदुखीचं सांगायला लागले, तर ती चालत पुढे निघूनही गेली. मॅनेजरने रविवारी येशील का विचारलं, मी मान डोलावली, तिने नकार समजून शिफ्ट दुसरीला दिली. एकीने ‘कधीतरी घरी ये’ म्हटलं म्हणून रविवारी नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा घेऊन गेले, तर ती दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिली. सोमवारी शिवराक म्हटलं की विचारतात, एकाच दिवसापुरती व्हेजिटेरियन कशी? एक आजोबा मला ‘माय लव्हर’ म्हणतात, हे नवऱ्याला कसं सांगू? एक आजी वारल्या, त्यांचा अंत्यविधी तीन आठवड्यांनी झाला आणि नंतर सगळे सँडविच खात हसत होते. घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली, तर नवरा म्हणाला, आता हे सोड. तो मित्रांसमोर माझे उच्चारही सुधारतो. ‘व्हेदर नाही, वेदर.’ इथे गोंयकार पुष्कळ आहेत, पण बहुतेक सासष्टीचे ख्रिस्ती, त्यांची कोंकणी वेगळी, म्हणून मी जात नाही. आता चार लोकांत मी बोलतच नाही. अ‍ॅक्सेंट बदलायचा क्लास लावू का?

– गप्प झालेली

उत्तर:

बाय, आधी त्या आजोबांचं. ते बहुधा ब्रिस्टलच्या बाजूचे असतील. इंग्लंडच्या त्या पश्चिम भागात ‘माय लव्हर’ असं बसचा ड्रायव्हर प्रवाशाला म्हणतो, दुकानदारीण गिऱ्हाइकाला म्हणते, बाई बाईलाही म्हणते. मी तुला ‘बाय’ म्हटलं ना आत्ता, तेवढाच त्याचा अर्थ. नवऱ्याला बिनधास्त सांग, हसेल तो. शब्दाबरोबर हात पुढे आला तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा हसण्यावारी न्यायचं नाही, मॅनेजरला सांगायचं आणि नोंद करायला लावायची. आजोबा ऐंशीचे असले तरी.

‘यू ऑलराइट?’ हा प्रश्नच नाही. फोंड्याच्या बाजारात ओळखीची बाई ‘जेवण जालें?’ म्हणते तेव्हा ताटात काय काय होतं ते तू सांगत बसत नाहीस. तसंच ‘यस, यू?’ म्हणायचं आणि पुढे चालायचं. पण पाठ खरंच दुखत असेल तर ते जाता जाता सांगायची गोष्ट नाही. केअरच्या कामात माणसं उचलून-सरकवून पाठी जातात. मॅनेजरसमोर बसून सांग, उचलायची साधनं आणि दुसरा हात माग.

मान डोलावण्याचं एका वाक्यात सांगते: हवी तेवढी डोलाव, पण तोंडाने ‘यस’ म्हण. तुझा एका दिवसाचा पगार त्या डोलावण्यात गेला.

नेवऱ्यांचं मात्र वाचून वाईट वाटलं, कारण तू केलंस ते आपल्याकडे आदर्श वागणं आहे. आपल्या घरांत कोणी न सांगता आलं तर चहा वाढवून टाकतात आणि ‘बसा’ म्हणतात. घरात पसारा असला तर पाहुणाच तो बाजूला सारून बसतो. इंग्लंडात दिवस आणि वेळ सांगितल्याशिवाय आमंत्रण झालेलंच नसतं. ‘कधीतरी ये’ म्हणजे ‘तू मला बरी वाटतेस’, एवढंच. खोटं नसतं ते, नुसतं अर्धवट असतं. ती दारात थांबली कारण तिच्या अंगावर घरातले कपडे असतील, सिंकमध्ये भांडी असतील, आणि तुला आत घ्यावं की नाही हे तिला कोणी कधी शिकवलेलं नसेल. तुझा अपमान करायचा तिचा इरादा होता असं मला पत्रात कुठे दिसलं नाही. डबा तिने घेतला का, हे तू लिहिलं नाहीस. घेतला असेल तर ‘नेवऱ्या कशा वाटल्या?’ हे विचारायचं तुझ्याकडे कारण आहे, आणि तेच तुझं पुढचं वाक्य असू दे.

मग तूच तिला बोलाव. शनिवार, दुपारचे चार, असं ठरवून. ‘टी’ हा शब्द मात्र जपून वापर. तिथल्या कितीतरी घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. सहाला टीसाठी बोलावून तू चहा-चिवडा पुढे केलास, तर पाहुणी घरी जाऊन टोस्ट भाजून खाईल. आणि कोणी ‘हाफ सेव्हन’ म्हणालं तर ते साडेसात. साडेसहाला जाऊन बेल वाजवलीस तर नेवऱ्यांचा प्रसंग पुन्हा होईल.

सोमवारच्या शिवराकाबद्दल लाजायचं कारणच नाही. तुमच्या केअर होममध्ये शुक्रवारी फिश अँड चिप्स असतात ना? ती सवय जुन्या कॅथलिक उपासातून आली, शुक्रवारी मांस नको म्हणून मासे. म्हणजे आठवड्याचा वार बघून ताट बदलणं त्यांनाही नवं नाही. ‘नॉट ऑन मंडेज’ एवढं सांगितलंस की पुरे, पुराणं सांगायला नकोत.

आता क्लासचं. लावू नकोस, निदान आत्ता नाही. ज्या क्लासात ‘ब्रिटिश बोला’ असं शिकवतात तिथे पैसे आणि आत्मविश्वास दोन्ही जातात. ब्रिटिश बोलायचं म्हणजे कोणासारखं? तुझ्या त्या आजोबांसारखं, की लिव्हरपूलच्या माणसासारखं, की ग्लासगोच्या? त्यांचं आपसातही जमत नाही. केअर होममध्ये केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या बायका असतील, त्या आपापल्या सुरात बोलूनच पगार घेतात. आणि लिहिण्या-बोलण्यातल्या तफावतीला तू का घाबरावंस? पाटीवर ‘क्यू यू ई पी ई एम’ वाचून ‘केपे’ म्हणणारी माणसं आपण. साखळी, डिचोली, पेडणे यांची रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, स्पेलिंगं बाहेरच्या माणसाला वाचून दाखव म्हणावं. त्यांचं ग्लॉस्टर, लेस्टर त्याच जातीचं आहे, स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं नुसती शोभेला. एकदा कानाने ऐकायचं आणि तसंच म्हणायचं.

दोन-तीन गोष्टींवर मात्र मेहनत घे. त्या ऐटीसाठी नाहीत, कामासाठी आहेत. पहिली, आकडे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ आपल्या तोंडून जवळपास सारखे निघतात, आणि तू औषधांच्या, पाण्याच्या मिलिलिटरच्या घरात काम करतेस. ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’ असं प्रत्येक वेळी सुटं करून सांग, समोरच्याकडूनही तसंच वदवून घे. दुसरी, तोच ‘वेदर’. मराठी-कोंकणीत आपला एकच व, त्यांचे दोन. ओठ गोल करून, दात न लावता म्हटला तर ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. वरचे दात खालच्या ओठाला टेकले तर ‘व्हेस्ट’, म्हणजे तिथे बनियन. आरशासमोर चार दिवस कर, सुटेल. तिसरी, वेग. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो, ते शब्दातल्या एकाच ठिकाणी जोर देऊन बाकीचं गिळतात. त्यामुळे आपलं बोलणं त्यांना बंदुकीसारखं ऐकू येतं. गिळायला शिकायची गरज नाही, वाक्यांच्या मध्ये थांबायला शिक. (आणि कोणाच्या पायघोळ पँटचं कौतुक करायचं असेल तर ‘ट्राउझर्स’ म्हण. ‘पँट्स’ म्हणजे तिथे आतली चड्डी. हे तुला अजून कोणी सांगितलं नसेल तर मी सांगितलं.)

शिवाय, तुझ्याकडचे आजी-आजोबा ‘पार्डन?’ म्हणत असतील तर ते दर वेळी तुझ्या उच्चारामुळे नसतं. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू यायचे कमी होतात. तू घाबरून आवाज चढवतेस, तो आणखी बारीक होतो, त्यांना आणखी कमी ऐकू येतं, तू आणखी घाबरतेस. त्यांच्या समोर, उजेडात उभी राहा, आवाजाची पट्टी खाली आण, सावकाश बोल. आणि कानातलं यंत्र चालू आहे का तेही एकदा बघ.

अंत्यविधीचं. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत सगळं होतं, म्हणून तीन आठवडे ऐकून पोटात गोळा येतो. तिथे कागदपत्रं, स्मशानातली तारीख, लांबून येणारी माणसं यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. पहिलं रडं तोवर घरात रडून झालेलं असतं. सँडविचवर जे हसत होते ते आजींच्याच गोष्टी सांगत होते ना? मग त्यात आजींचा अनादर नव्हता. आणि तू आंघोळ केलीस ते बरोबर केलंस. ती तुझी सवय, तुझं न्हाणीघर. यात नवऱ्याने मत द्यायचं कारणच नव्हतं.

त्यावरून नवऱ्याकडे येते. पत्रातलं सगळ्यात लहान वाक्य त्याचं आहे, ‘व्हेदर नाही, वेदर’, आणि मला वाटतं तू गप्प झालीस ती त्या वाक्याने. परकी माणसं चुकीचं समजली तर आपण घरी येऊन सांगतो आणि हसतो. ते सांगायचं ठिकाणच तुझ्याकडे उरलं नाही, कारण घरातलाच माणूस शिक्षक होऊन बसला. तो दुष्ट आहे असं मी म्हणत नाही. तो आधी गेला, एकटा गेला, कोणीतरी त्यालाही हसलं असणार, आणि आता तुला कोणी हसायच्या आधी तो स्वतःच सुधारून मोकळा होतो. बँकेला फोन करताना त्याचा आवाज कसा बदलतो ते तू ऐकलं असशील. त्याची थट्टा करू नकोस, ती दुखरी जागा आहे. पण हे चालू द्यायचं नाही. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, कोंकणीत सांग: माझी चूक मला घरी सांग, रोज एक सांग, मी वहीत लिहून घेईन, पण लोकांसमोर सांगितलीस तर मी तिथून उठेन. आणि पुढच्या वेळी त्याने सांगितली तर खरंच उठ. भांडण नको, तमाशा नको, नुसती उठून स्वयंपाकघरात जा. एकदा पुरतं.

त्याने चिडून ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हटलं तर माझं उत्तर त्याला वाचून दाखव. मला हरकत नाही.

गोंयकारांकडे न जाण्याचं तुझं कारण मला पटलं नाही. स्विंडनमध्ये इतके गोंयकार आहेत ते पोर्तुगीज पासपोर्टवर, ब्रेक्झिटच्या आधी गेलेले. त्यांत सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती जास्त, हे खरं. तुझी फोंड्याकडची अंत्रुजी कोंकणी, त्यांची सासष्टीची. ते रोमीत वाचतात, तू देवनागरीत आणि मराठीत. मडगावच्या मासळी बाजारात गेलीस तर हेच असतं, तिथे तू नुस्तें न घेता परत येतेस का? त्यांच्या दुकानात जाऊन उकडे तांदूळ आणि कोकम माग. तुझी बोली ऐकून कोणीतरी ‘फोंड्याचें गो तूं?’ विचारेलच. ‘व’ कुठला हे तिथे कोणी बघणार नाही. आठवड्यातून तासभर अशा जागी तोंड मोकळं झालं की केअर होममध्येही ते उघडायला लागेल.

पत्रात गणेशचवथीचा उल्लेख नाही, पण तुझ्या मनात असणारच. रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, बऱ्याच आधी ठरतो, म्हणून पुढच्या चवथीची तारीख पंचांगात बघून या आठवड्यातच लेखी दे. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला २८ दिवस पगारी रजेचा कायद्याने हक्क आहे, मात्र त्यात बँक हॉलिडे धरलेले असू शकतात, तेवढं करारात बघ. मॅनेजर कां-कूं करू लागली तर सांग, नाताळच्या दिवशी मी उभी राहते. नाताळला काम करायला कोणी मिळत नाही, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तिने विचारलं की स्पष्ट ‘यस’ म्हण.