वाचकांचे प्रश्न : जनुक बसले, मग पॉलिमर कुठे अडले?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचे हॅस-ए जनुक (हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची लांब साखळी जोडणाऱ्या एंझाइमचे) बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या गुणसूत्रात झायलोज या साखरेने चालणाऱ्या प्रमोटरखाली (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागाखाली) बसवले. स्टार्च प्लेटवर आयोडीन ओतले तर वसाहतीभोवती वलय दिसत नाही. तरी ग्लुकोजच्या माध्यमात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड नावापुरतेच मिळते. कुठे चुकते?

उत्तर : वलय नाही ही चांगली खूण. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजचे जनुक तुटले, म्हणजे तुमचा तुकडा तिथेच बसला. आता आधी ग्लुकोज काढा. ते असेपर्यंत सीसीपीए हे प्रथिन झायलोजचा प्रमोटर दाबून धरते, झायलोज कितीही घाला. एलबी या साध्या वाढ-माध्यमात ३७ अंशांवर वाढवा, ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.६ च्या आसपास १ टक्का झायलोज द्या आणि फरक पाहा.

मोठी अडचण कच्च्या मालाची आहे. हॅस-एचे एंझाइम दोन घटक आळीपाळीने जोडते : यूडीपी-ग्लुक्युरॉनिक अ‍ॅसिड आणि यूडीपी-एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन. दुसरा पेशीभित्तिकेला लागतोच, त्यामुळे तयार असतो. पहिल्याची मात्र चणचण असते, कारण तो बनवणारे तुआ-डी जनुक फॉस्फेटचा तुटवडा पडल्यावरच जोमाने चालते. म्हणून हॅस-एच्या मागे, त्याच प्रमोटरखाली, तुआ-डीची आणखी एक प्रत जोडा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅसिलसवरील कामातही तुआ-डी वाढवावेच लागले. बाकीची जनुके जिवाणूची स्वतःचीच पुरली.

मोजताना फसू नका. ग्लुक्युरॉनिक अ‍ॅसिड रंगावरून मोजणाऱ्या कार्बाझोलच्या चाचणीत उरलेली साखरही रंग देते, आणि बॅसिलसच्या पेशीभित्तिकेतील टायक्युरॉनिक अ‍ॅसिडातही ग्लुक्युरॉनिक अ‍ॅसिड असते. द्रव मधासारखा ओघळत असेल तर आधी पातळ करा, नाहीतर पेशी तळाशी बसत नाहीत. मग वरच्या द्रवात तिप्पट थंड इथेनॉल घालून पांढरे धागे खाली बसवा, पुन्हा पाण्यात विरघळवा आणि नंतरच मोजा. हॅस-ए नसलेला मूळ वाणही प्रत्येक वेळी सोबत चालवा. त्याचा आकडा वजा केल्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : झायलोज वाढवले की साखळी आखूड होते. असे का?

उत्तर : एंझाइमचे रेणू वाढले, पण घटक तेवढेच राहिले. तोच माल जास्त साखळ्यांत वाटला गेला. लांब साखळी हवी तर झायलोज कमी ठेवा आणि तुआ-डी जोरकस ठेवा. मुद्दाम आखूड हवी असेल तर जळूचे हायल्युरॉनिडेज (ही साखळी कापणारे एंझाइम) बॅसिलसमध्येच घालतात आणि त्याच्या रायबोसोम-बंधस्थानाची (त्याचे प्रथिन किती बनेल हे ठरवणाऱ्या जागेची) ताकद बदलून तुकड्यांची लांबी ठरवतात. आखूड साखळीने द्रव पातळ राहतो, ऑक्सिजन नीट पोचतो आणि उत्पादनही वाढते.