कोर्स निवडण्याआधी पगाराचा वार विचारा
वाचकांचे प्रश्न : व्यसनमुक्तीनंतरचं कामशिक्षण

प्रश्न : धाकटा भाऊ 34 वर्षांचा. नववीत शाळा सुटली, सेंटरिंगच्या कामावर होता. दारू सोडण्याचे 35 दिवसांचे उपचार संपवून मागच्या आठवड्यात घरी आलाय. रिकामा बसला तर पुन्हा सुरू करेल, म्हणून लगेच इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला घालावं असं घरात चाललंय. — एक बहीण, बार्शी

उत्तर : रिकामपणाची भीती खरीच. पण आयटीआयचा इलेक्ट्रिशियन कोर्स 2 वर्षांचा असतो आणि त्याला दहावी पास लागते, म्हणजे तो दरवाजा सध्या बंदच आहे. उघडा असता तरी आम्ही थांबा म्हटलं असतं. बरीच वर्षं प्यायलेल्या माणसाची झोप, एकाग्रता आणि स्मरणशक्ती रुळावर यायला कित्येक आठवडे, काहींना महिने लागतात. तोवर वर्गात बसवलं तर सकाळी शिकवलेलं दुपारी आठवत नाही. मग ‘आपल्याला काही जमायचं नाही’ हे डोक्यात बसतं, आणि त्यावरचा जुना इलाज त्याला पाठ असतो.

पहिला महिना-दीड महिना नुसती घडी बसू द्या. ठरल्या वेळी उठणं, रोज 3-4 तासांचं नेमलेलं काम, वेळेवर औषधं, आठवड्याची ए.ए. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंग किंवा समुपदेशकाची भेट. हे न चुकता झालं की छोटा कोर्स बघा. ग्रामीण तरुणांसाठी बँका चालवतात त्या ‘आरसेटी’ केंद्रांत प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत असतं. शेळीपालन साधारण 10 दिवसांचं, दुचाकी दुरुस्ती किंवा घरगुती वायरिंग महिनाभराचं. मात्र राहण्याची सोय आली की प्रश्नही येतात : गोळ्या कुणाच्या ताब्यात राहणार, तपासणीची तारीख मध्येच येते का, संध्याकाळी गेट उघडं असतं का? समाधान झालं नाही तर घरून जाऊन-येऊन करता येईल असं बघा. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानांचे वर्ग असतात.

एक गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दारू बंद करताना त्याला फिट आली होती का? आली असेल तर उंचीवरचं काम, ग्राइंडर, गाडी चालवणं हे डॉक्टर होकार देईपर्यंत नको. पायाला मुंग्या येत असतील, तळवे बधिर असतील, तर नसांवर परिणाम झालेला असू शकतो. शिडीची पायरी पायाला नीट कळत नाही आणि माणूस घसरतो.

आता निवडीचं. सेंटरिंगमध्ये त्याचा घात कशानं झाला ते आठवा. शनिवारी आठवड्याचं वाटप रोखीत, सगळे एकत्र, अंग मोडून आलेलं, आणि रविवारी सुट्टी. धंदा बदलून हेच कोष्टक तसंच राहिलं तर उपयोग नाही. म्हणून कोणत्याही कामाबद्दल तीन गोष्टी विचारा : पगार कोणत्या वारी आणि कसा मिळतो, उचल मिळते का, काम सुटल्यावर मंडळी कुठं बसतात.

प्रश्न : मिस्टर डायसल्फिरामच्या गोळीवर आहेत. ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे पॉलिशचं काम शिकायला जावं का? — एक वाचक, मिरज

उत्तर : पॉलिशचं नको. डायसल्फिराम ही दारूपासून लांब ठेवणारी गोळी; ती चालू असताना अल्कोहोल अंगात गेलं की त्रास होतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये करतात, आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. बंद खोलीत दिवसभर वाफ नाकात आणि बोळा हातात, एवढ्यानंही या गोळीवर त्रास होऊ शकतो : चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, डोकं ठणकणं, कधी रक्तदाब पडणं. गोळी बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत हा धोका राहतो. त्याच दुकानात मापं घेणं, कटिंग, बिजागऱ्या-कुलपांचं फिटिंग शिकता येईल. पांढरा गोंद पाण्यातला असतो, तो चालतो. पिवळा रबरी गोंद आणि थिनर मात्र पूर्वी सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्यांपासून लांबच ठेवावेत.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण हे घरोघरी होतं : ही गोळी चहात, भाजीत लपवून कधीच देऊ नये. माणूस नकळत प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : माझं दुचाकींचं गॅरेज आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या एका मुलाला शिकाऊ म्हणून घेतोय. पुन्हा प्यायला तर काय करायचं? — गॅरेजमालक, चिखली

उत्तर : प्यायल्यावर ठरवू नका, आजच ठरवा आणि दोघांनी सही करा. वास आला, तोल गेला, तर त्या दिवशी त्याच्या हातात पाना नाही आणि गाडीची चावीही नाही. चारचौघांत बोलायचं नाही. घरी कुणीतरी सोडायचं, समुपदेशकाला फोन करायचा (त्यासाठी मुलाची परवानगी आधीच घेऊन ठेवा) आणि परत येण्याची तारीख तेव्हाच सांगायची. एका घसरणीवर हाकललं, तर दुसऱ्या वेळी तो लपवेल. लपवून प्यायलेला मेकॅनिक ब्रेक बसवणार असेल, तर धोका गिऱ्हाइकाला.

काही दिवस सलग पीत राहिला असेल, तर ‘आजपासून एकदम बंद कर, मगच ये’ असं दरडावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही. थरथर, घाम, बडबड दिसली तर थेट दवाखाना. सल्ल्यासाठी 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे.

पगार खात्यात द्या आणि शनिवार टाळून मंगळवारी-बुधवारी द्या. उचल नको. पहिले 3 महिने रोखीनं स्पेअर आणायला पाठवू नका. हा अविश्वास वाटेल म्हणून आधीच समजावून सांगा, बहुतेक मुलांना उलट हायसं वाटतं. काम चढत्या क्रमानं द्या : धुलाई, ऑइल बदल, चेन-ब्रेक ॲडजस्टमेंट, आणि इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी. आणि गॅरेज बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून ‘बसायची’ रीत तुमच्याकडे असेल, तर ती त्याच्यासाठी तरी मोडावी लागेल.

प्रश्न : मुलाखतीत मधल्या 2 वर्षांबद्दल काय सांगू? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘आजारी होतो, उपचार पूर्ण केले, आता कामाला फिट आहे.’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो. तुमच्या उपचारांची माहिती केंद्राला तुमच्या संमतीशिवाय मालकाला देता येत नाही. नोकरी ड्रायव्हरची किंवा क्रेनची असेल तर मात्र वैद्यकीय तपासणीत औषधांची नावं लपवू नका, त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते.